बायकांच्या स्टँडचे दोन पास

जावयानं दिवाळसणाला रुसायचं असतं, ही आमच्याकडची जुनी रीत. पहिल्या दिवाळीला त्याला बोलवायचं, उटणं लावून आंघोळ घालायची, पाटावर बसवायचं, पुरणपोळीवर तूप वाढायचं. मग त्यानं हात मांडीवर ठेवून मान खाली घालायची. घास उचलायचा नाही. सासऱ्यानं विचारायचं, काय पाहिजे बापू? तो मागणार, सासरा हो म्हणणार, तेव्हा कुठं बाकीची पंगत जेवणार. कोणाचा जावई अंगठीसाठी रुसतो, कोणाचा रेडिओसाठी. आमच्या शेजारणीचा जावई स्कूटरसाठी असा रुसला होता की वरणावर साय धरली. मी माझी तयारी मनगटी घड्याळापर्यंत केली होती. घड्याळ आणून कपाटात ठेवलंही होतं.

आमचा जावई रुसला तो क्रिकेटच्या मॅचसाठी.

सत्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी वर्ल्डकप आपल्या देशात होता आणि भारताची एक मॅच आमच्या नागपुरात होती, दिवाळी उलटल्यावर आठवड्याभरानं. शहराला नुसतं वेड लागलं होतं. पानठेल्यावर तेच, भाजीबाजारात तेच. दूधवाला माप ओतता ओतता सांगायचा, बाई, न्यूझीलंड येऊन राहिली. जशी काही त्याची आत्याच येत होती. मला मात्र त्याचं काही नव्हतं. माझं लक्ष दुसरीकडे होतं, आणि तेच आधी सांगून टाकते, म्हणजे माझा जीव कशासाठी जळत होता ते कळेल.

आमची मुलगी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. लग्न झालं उन्हाळ्यात, उमरेडला. तिच्या सासऱ्यांचं तिथं कापडाचं दुकान. मूळचे विणकर, आमच्यासारखेच; माग बंद पडले तसे दुकानात बसले. माणसं चांगली. लग्न ठरताना बोलणं झालं होतं की दिवाळीपर्यंत मुलगी नागपुरात माहेरी राहून कॉलेज करेल, पुढचं पुढं पाहू. ते "पुढं पाहू" तेव्हा फार सोपं वाटलं. आता दिवाळी आली होती आणि पुढचं दारात येऊन उभं होतं. परीक्षा एप्रिलमध्ये. सासरच्यांनी एप्रिलपर्यंत राहू दिलं तर मुलगी मास्तरीण होणार, नाहीतर दीड वर्षाचं शिक्षण पाण्यात. माझी स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. पुढं जे काही वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्या सोडून सोडून. त्यामुळे मला हे फार लागलं होतं, हे कबूल करते. पण मुलीकडच्यांनी तोंड उघडून मागायचं कसं? म्हणून मी ठरवलं होतं, दिवाळसण गोड होऊ दे, जावई खूश होऊ दे, व्याही खूश होऊ दे, मग हळूच विषय काढू.

तर पाडव्याला जावई पाटावर बसला, मान खाली. आमचे हे त्याच्यासमोर बसलेले.

"बोला बापू, काय पायजे?"

"काही नाही जी."

"असं कसं काही नाही. लाजू नका."

जावई पोळीकडे बघतच म्हणाला, "मॅचचा एक पास भेटला असता तं."

मी दारात तुपाची वाटी घेऊन उभी. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावतेय, घड्याळ, घड्याळ. पण आमच्या ह्यांचा एक स्वभाव सांगते. त्यांना कोणी एक मागितलं की ते दोन देतात. देतात म्हणजे, देतो म्हणतात. कोणी वाटेत भेटून "काय, बरं आहे का?" विचारलं तर हे त्याला जेवायला ये म्हणतात, आणि घरी येऊन मला सांगायचं विसरतात. एका सरकारी कचेरीत कारकून होते, पण बोलणं ऐकावं तर सगळं नागपूर त्यांच्या सहीनं चालत होतं.

"बस, एवढंच?" हे म्हणाले. "अहो आपल्याच गावात मॅच अन् जावयाले पास नाही भेटणार? झालं समजा. अन् एकटे काहून पाहता? बाबांले आणा. भावाले आणा. सगळेच या न जी, आदल्या दिवशी मुक्कामालेच या."

जावयानं घास उचलला. पंगत जेवली. माझ्या हातातलं तूप मात्र गोठलं.

रात्री भांडी आवरताना मुलगी मला म्हणाली, "आई, बाबांजवळ पास आहेत का वं?"

"तुह्या बाबांजवळ बोलणं आहे," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काय. आता आणतील."

"नाही आणले तं? ते तीन-तीन माणसं घेऊन येतील. तेव्हा मी कॉलेजचं कोणत्या तोंडानं काढू?"

तिचं बरोबर होतं. भाऊबीज झाली, जावई दुकानासाठी उमरेडला परत गेला, मुलगी आमच्याकडे राहिली, आणि आमच्या ह्यांची पासवारी सुरू झाली. रोज कचेरीतून सुटले की सायकल घेऊन जायचे. कोणी सदरला, कोणी महालात, कोणी सक्करदऱ्याला, जिथं जिथं म्हणून ओळख होती तिथं जाऊन चहा पिऊन यायचे. घरी आले की मी दारातच.

"भेटले का?"

"होऊन जाईल."

"म्हणजे भेटले नाही."

"होऊन जाईल म्हटलं न. त्याच्या साडूचा मेहुणा आतमध्ये आहे."

आतमध्ये म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. त्या आठवड्यात नागपुरातल्या प्रत्येक माणसाच्या साडूचा मेहुणा आतमध्ये होता. अमरावतीपासून गोंदियापर्यंतचे पाहुणे ज्याच्या त्याच्या घरी येऊन पडले होते आणि जो तो दुसऱ्याकडे पास मागत फिरत होता. आमच्याकडेही दोघं येऊन गेले. ह्यांनी त्यांनाही "पाहू न" म्हणून पाठवलं. मी कपाळाला हात लावला. ज्याच्या घरी स्वतःला प्यायला पाणी नाही त्यानं पाणपोई काढावी, तसं हे.

शेवटी पास आले ते माझ्यामुळे, आणि तेही मी मागितले नव्हते. मी तेव्हा घरी पोलकी शिवायची. धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांची पोलकी पोचवायला गेले, तेव्हा त्या जरा घाईत होत्या. बोलता बोलता घरी पाहुणे येणार, मॅच, असं काहीतरी मी बोलून गेले असेन. त्यांनी खण उघडला आणि दोन पास माझ्या हातात ठेवले.

"घ्या, तुम्हीच जा. मला कोणीतरी दिलेत. माझ्या दोन बाया भरल्या दिवसांच्या आहेत, मी कुठली जाते."

रिक्षा करून घरी आले, जी मी एरवी करत नाही. ह्यांच्या हातावर पास ठेवले. ह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. उजेडात नेऊन वाचले, आणि मग चेहरा हळूहळू उतरला.

"हे तं बायकांच्या स्टँडचे आहेत."

मैदानावर बायकांना बसायला वेगळी जागा ठेवली होती, तिथले ते पास. पुरुषाला तिकडे सोडत नव्हते.

"मग?" मी म्हटलं.

ह्यांनी पास उलटेपालटे केले. "जवाईबापूले चालंन का?"

"चालंन न. माझं हिरवं लुगडं नेसवा."

मुलगी आतून हसली. हे नाही हसले. परत सायकल काढून निघून गेले. त्यांना अजून साडूच्या मेहुण्याचा भरवसा होता.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी उमरेडची मंडळी आली. व्याही, जावई, त्याचा धाकटा भाऊ, आणि मागून कापडी पिशवी सांभाळत विहीणबाई. विहीणबाईंना कोणी मॅचला बोलावलं नव्हतं. ह्यांनी "सगळेच या" म्हटलं होतं म्हणून त्या आल्या होत्या, त्यांच्या हिशेबानं सुनेच्या माहेरी. व्याह्यांनी नवा पांढरा सदरा शिवला होता. धाकट्यानं पुठ्ठ्यावर काहीतरी रंगवून आणलं होतं. जावयाच्या डोक्यावर टोपी. ते सगळं बघून माझा जीव अर्धा झाला. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"सांगून टाका आताच."

"सकाळी माणूस येणार आहे पास घेऊन."

"कोणता माणूस?"

"येणार आहे म्हटलं न. तू पाटवड्यांचं पाहा."

मी पाटवड्यांचं पाहिलं. ह्यांनी जेवताना पाहुण्यांना मैदानाचं असं वर्णन करून सांगितलं की जसं काही ह्यांनीच विटा वाहिल्या. कुठून गेट, कुठून सावली, कुठून चेंडू नीट दिसतो. व्याही मान हलवत होते. विहीणबाई कोपऱ्यात जेवत होत्या, काही बोलत नव्हत्या.

सकाळी सगळे पुरुष आंघोळी करून, तेल लावून, चहा-पोहे खाऊन तयार. चपला-बूट दारापाशी ओळीनं. माणूस येईना. रस्त्यानं लोकांचे थवेच्या थवे मैदानाकडे जाऊन राहिले होते. हे एकदा फाटकापाशी जायचे, एकदा घरात यायचे. शेवटी व्याह्यांनी घसा साफ केला.

"इवाईबुवा, निघाचं का?"

इवाई म्हणजे आमच्याकडे व्याही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं आयुष्य असंच. बोलायच्या वेळी ते बोलतात आणि सांगायच्या वेळी माझ्याकडे बघतात. मी आत गेले, दोन पास आणले आणि मधल्या स्टुलावर ठेवले.

"एवढे भेटले जी. अन् हे बायकांचे आहेत."

धाकट्यानं आपला पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवला. जावयानं टोपी काढली. व्याह्यांनी पास हातात न घेताच लांबून बघितले आणि म्हणाले, "असू द्या. टीव्ही आहे न." पण ते "असू द्या" मी ओळखते. ते असू द्यायचं "असू द्या" नव्हतं. मी मनात म्हटलं, गेलं वर्ष. गेलं पोरीचं वर्ष. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती, तिनं मान फिरवली.

तेवढ्यात कोपऱ्यातून विहीणबाई म्हणाल्या, "बायकांचे पास आहेत न? मंग बायका जातील."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तू?" व्याही म्हणाले.

"काहून? मी बाई नाही का? सून राहते घरी तुमच्या स्वयंपाकाले. चला, ईनबाई."

ईनबाई म्हणजे विहीणबाई; त्या मलाच म्हणत होत्या. मी म्हटलं, अहो माझ्या घरी पाहुणे, माझा वडाभात व्हायचा आहे, मला त्यातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, मले तरी कोठी कळते. आणि पायात चपला घालून उभ्या राहिल्या. विहिणीचा शब्द मोडायचा नाही, हीही एक रीतच. मी डब्यात सांभारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, भरल्या, छत्री घेतली आणि माझ्या घरातली चार पुरुषमाणसं मुलीच्या गळ्यात टाकून मी वर्ल्डकपला निघाले. असा संताप मला आयुष्यात फार कमी वेळा आला असेल. ज्यांना जायचं ते घरी आणि जिला जायचं नाही ती रिक्षात.

गेटवर रेटारेटी. पोलीसबाईनं आमचा डबा उघडून बघितला, एका वडीचा वासही घेऊन बघितला आणि छत्री ठेवून घेतली. आत गेलो तर सिमेंटच्या पायऱ्या, आणि त्यावर रंगीत लुगड्या-साड्यांचा समुद्र. समोर तेवढं मोठं हिरवं मैदान. इतकी माणसं एका जागी मी तोवर पाहिली नव्हती. पण मला माणसं बघायला फुरसत नव्हती, मी विहीणबाईंसाठी सावली शोधत होते. मुलीच्या सासूला उन्हात बसवलं असं उद्या कोणी म्हणायला नको. सावलीतल्या जागा शाळा-कॉलेजच्या मुलींनी कधीच धरल्या होत्या. मी माझी शाल घडी करून पायरीवर अंथरली.

"बसा, ईनबाई."

"तुम्ही बसा."

"नाही, तुम्ही बसा."

मागची मुलगी म्हणाली, "आजी, कोणी तरी बसा न, दिसत नाही आम्हाला." मी तेव्हा पन्नाशीचीही नव्हते. बसलो दोघी, शाल मध्ये रिकामी.

खेळ सुरू झाला. तेव्हा दोन्हीकडचे पांढरेच कपडे घालायचे.

"यातले आपले कोणते जी?" विहीणबाईंनी विचारलं.

"जे जास्त आहेत ते असतील," मी म्हटलं. ते बरोबर निघालं. मग आम्ही जास्त असलेल्यांकडे बघत बसलो. ऊन डोक्यावर आलं. दिवाळीनंतरचं आमचं ऊन सकाळी गोड लागतं आणि दहा वाजले की चावायला लागतं. पदर डोक्यावर ओढले, वड्या खाल्ल्या, हिरवट आंबट संत्री घेऊन खाल्ली. माझं सगळं लक्ष पोटातल्या त्या एका गोष्टीकडे. बोलू का, नको बोलू. शेजारी बसलेली ही बाई घरात शब्दही न बोलता बसते, हिला बोलून काय उपयोग, ठरवणार व्याही. असं मला वाटत होतं.

न्यूझीलंडची पाळी संपत आली तेव्हा विहीणबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की त्यांना जायचं आहे. मलाही केव्हाचं जायचं होतं. स्टँडच्या मागं बायकांची रांग लागली होती, ती पार कोपऱ्यापर्यंत. आम्ही शेवटी उभ्या राहिलो. रांग हलेना. आणि तेवढ्यात मैदानातून असा आवाज उठला की भिंत हादरली. पुढच्या काही मुली पळाल्या बघायला. जरा वेळानं परत तसाच आवाज, पहिल्यापेक्षा मोठा. आणखी पळाल्या. मग तिसरा. तो आवाज काय सांगू, मला वाटलं स्टँड पडला. मीही पळायला निघाले, तर विहीणबाईंनी माझं मनगट धरलं.

"तुम्ही कोठी चालल्या? आपला नंबर आला."

खरंच आला होता. अख्खी रांग रिकामी. आपल्या एका खेळाडूनं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले होते, वर्ल्डकपात आधी कोणी केलं नव्हतं तसं. लोक मला अजून विचारतात, तुम्ही तिथं होत्या? होते न. रांगेत पहिली होते.

तिथून बाहेर आल्यावर नळावर हात धुताना विहीणबाई म्हणाल्या, "ईनबाई, तुम्हाले काही बोलाचं आहे. सकाळपासून पाहून राहिली मी. तुमची वडी घशाखाली उतरत नाही."

मग मी सांगून टाकलं. रीत राहिली बाजूला. म्हटलं, पोरीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. एप्रिलपर्यंत राहू द्या. इवाईबुवांना तुम्ही सांगाल का?

त्या पदरानं हात पुसत राहिल्या. "त्यायचं काय," त्या म्हणाल्या. "त्यायले काही नाही. मीच नाही म्हणून राहिली होती."

मी नळ बंद केला.

"मले पोरगी नाही, ईनबाई. घरात हे तीन माणसं. उठले की चहा, आले की जेवण. दिवसभरात कोणी माह्याशी बोललं तं मीठ कमी आहे म्हणून. लग्न झालं तेव्हा सून दहा-पाच दिवस राहिली न आमच्याकडं, तं एक दिवस म्हणाली, आई तुम्ही बसा, मी वाढतो. पहिल्यांदा मी दुसऱ्यानं वाढलेलं ताट घेऊन बसली. अन् तुम्ही तिले घेऊन आल्या."

मला भांडायला कारण हवं होतं आणि तिनं ते दिलं नाही. उलट मलाच राग आला, तिचा नाही, कशाचा ते कळेना. आत लोक ओरडत होते, आम्ही दोघी नळाशी उभ्या.

"शनिवारी येत जाईल," मी म्हटलं. "शनिवारी दुपारची छोटी गाडी. सोमवारी सकाळी परत."

नागपूर-उमरेड तेव्हा छोटी रेल्वे होती, सायकलवाला पुढं जाईल अशी.

"शुक्रवारी," विहीणबाई म्हणाल्या.

"शनिवारी कॉलेज असते जी अर्धा दिवस."

"मंग सणवार सगळे उमरेडले."

"बरं."

"संक्रांतीचे आठ दिवस."

"पाच."

"आठ. हळदीकुंकू आहे माह्या सुनेचं पहिलं."

"बरं, आठ."

भाजी घ्यावी तसा सौदा झाला. मग आम्ही दोघी आत येऊन शालीवर बसलो, मधली जागा भरून. नंतर आपल्या लोकांनी बॅटी अशा चालवल्या की चेंडू बघता बघता मान दुखली. एकच गडी गमावून दुपारीच मॅच जिंकली. मागच्या मुली नाचत होत्या, एकीनं विहीणबाईंना उठवून नाचवायचा प्रयत्न केला, त्या म्हणाल्या, बाई, गुडघे. पण दोन पावलं नाचल्याच.

घरी येईपर्यंत मी इतकी हलकी झाले होते की छत्री गेटवरच राहिली हे लक्षात आलं तरी वाईट वाटलं नाही. दारात आले. आत टीव्हीसमोर सगळे पुरुष पसरलेले, तुडुंब जेवलेले, खूश. आमचे हे तर सगळ्यांत खूश.

"या, या," हे म्हणाले. "ऐकलं का, आमचं इकडं सगळं ठरलं."

"काय ठरलं?"

"पोरीले उद्याच घेऊन जाऊन राहिले. मीच म्हटलं इवाईबुवाले, पोरगी तुमचीच आहे, उद्याच घेऊन जा. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही होते."

पास देता आले नाहीत म्हणून ह्यांनी मुलगी देऊन टाकली होती. कोणी मागितलीही नव्हती. व्याही बिचारे समाधानानं मान हलवत होते, त्यांना वाटलं केवढा मान झाला. आत मुलगी ओट्याशी पाठ करून उभी, तिनं वळून बघितलं नाही. चुलीवर रश्शाचं पातेलं रिकामं. दिवसभर चार माणसांना वाढून ती त्यांच्याच बोलण्यात आपलं वर्ष जाताना ऐकत होती.

माझ्या तोंडातून शब्द निघण्याआधी विहीणबाई मागून म्हणाल्या, "कोण म्हणे उद्या?" त्या अजून चपला काढत होत्या.

"इवाईच म्हणून राहिले," व्याही म्हणाले.

"त्यायनं तं पास बी देतो म्हटलं होतं."

जावई फिसकन हसला आणि मग खोकल्याचं सोंग केलं. आमचे हे पंख्याकडे बघायला लागले.

"माहं अन् ईनबाईचं ठरलं आहे," विहीणबाई म्हणाल्या. "शनिवारी येईल, सोमवारी जाईल. एप्रिलनंतर कायमची येईल. अन् संक्रांतीचे आठ दिवस. कोणाले काही म्हणाचं आहे?"

कोणाला काही म्हणायचं नव्हतं. व्याह्यांनी बायकोकडे बघितलं, जसं काही ही बाई मैदानावरूनच बदलून आली. मग त्यांनी विचारलं, "जेवली का तू?"

"कोठची जेवली," त्या म्हणाल्या, आणि पाटावर जाऊन बसल्या. मुलीनं त्यांना ताट वाढलं. ती मागं उभी होती, डोळे पुसत होती की घाम, ते मी बघितलं नाही. मी वडाभाताचं पातेलं खरवडून माझ्यासाठी काही उरलं का ते बघत होते. नव्हतं उरलं.

त्यानंतर एप्रिलपर्यंत दर शनिवारी मुलगी उमरेडला आणि दर सोमवारी परत. ती येताना विहीणबाई तिच्याबरोबर पिशवीभर वांगी, तुरीच्या शेंगा, कधी खवा पाठवायच्या. त्या एक पिशवी पाठवायच्या म्हणून हे पुढच्या शनिवारी दोन पाठवायचे. पोरगी छोट्या गाडीतून हमालासारखी ओझी वाहत आली-गेली आणि त्यातच डब्याच्या खिडकीशी बसून तिनं नोट्स पाठ केल्या. पास झाली. पुढं उमरेडच्याच शाळेत लागली, पहिल्या पगाराचे पेढे सासूनं वाटले.

आणि आमचे हे? ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमची पोरगी मास्तरीण झाली ती त्या मॅचमुळे, पासची सगळी व्यवस्था मी केली होती. परवाच एका माणसाला सांगत होते. तो म्हणाला, काका, आता नवीन स्टेडियमवर मॅच आहे, भेटतील का पास? मी आतून ऐकत होते.

"किती पाहिजे?" हे म्हणाले.